शेतकी कॉलेजातून डॉक्टर होता येते का?

वाचकाचे पत्र:

“आम्ही गेली एकोणीस वर्षे न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंडवर राहतो. आमची मुलगी इथेच जन्मली, सध्या अकरावीत आहे आणि तिला डॉक्टर व्हायचे आहे. कॉर्नेल विद्यापीठात अर्ज करायचा हे तिने ठरवले आहे. परंतु तेथे नुसत्या विद्यापीठाला अर्ज करून भागत नाही, त्यातले कोणते महाविद्यालय हवे ते अर्जातच लिहावे लागते. तिच्या बाबांचा आग्रह कॉलेज ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसचा आहे. त्यांच्या मते तेच खरे कॉर्नेल. ओळखीतल्या एकांनी सांगितले की कॉलेज ऑफ ॲग्रिकल्चर अँड लाइफ सायन्सेसमध्ये राज्यातल्या मुलांना फी कमी पडते. मुलीला स्वतःला मात्र कॉलेज ऑफ ह्युमन इकॉलॉजी हवे आहे. साताऱ्याच्या तिच्या आजीला अंगाने किडकिडीत असूनही मधुमेह आहे, आणि दोन वर्षांपूर्वी आजीच्या पायाचे बोट काढावे लागले तेव्हापासून आहार आणि आजार यांबद्दल मिळेल ते ती वाचत असते. पुण्याला फोनवर हे सगळे सांगितले, तर माझे दीर म्हणाले, ‘एवढे अमेरिकेत राहून मुलीला शेतकी कॉलेजात घालणार की होम सायन्सला?’ तेव्हापासून घरात रोज वाद आहे. मेडिकलच्या प्रवेशाच्या वेळी या तिन्हींमध्ये खरोखर फरक पडतो का?”

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे घरातला वाद निदान जेवणाच्या टेबलावरून उठेल. मेडिकलच्या प्रवेशाच्या वेळी या तीन महाविद्यालयांमध्ये फरक पडत नाही. मात्र तुमच्या मुलीची चार वर्षे कशी जातील, ती कोणत्या माणसांमध्ये वाढेल, तुमच्या खिशातून किती पैसे जातील आणि उद्या तिने डॉक्टर व्हायचा विचार सोडला तर तिच्या हाती काय उरेल, या चारही गोष्टींमध्ये पुष्कळ फरक पडतो. म्हणून निवड विचारपूर्वकच करायची आहे, फक्त ती वेगळ्या कारणांसाठी करायची आहे.

तुमच्या दिरांच्या बोलण्याचा राग मानू नका. ते ज्या व्यवस्थेत वाढले त्या व्यवस्थेत त्यांचे म्हणणे बरोबर आहे. आपल्याकडे बारावी झाली, ‘नीट’ची प्रवेश परीक्षा दिली आणि एमबीबीएसला नंबर लागला की मुलगा किंवा मुलगी त्या दिवसापासून घरच्यांसाठी डॉक्टर असते. ज्या कॉलेजात नाव घातले तोच पुढचा व्यवसाय. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि ती कोणत्याही विषयाची चालते. त्यानंतर एम.डी.ची (इथे ती डॉक्टर होण्याची पहिलीच पदवी) चार वर्षे आणि त्यापुढे शाखेनुसार तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले प्रशिक्षण, असते. ‘प्रीमेड’ नावाची पदवी कॉर्नेलमध्ये नाही. वैद्यकीय महाविद्यालयांना हवे असलेले ठरावीक विषय आपल्या पदवीच्या आत बसवून पूर्ण करणे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. प्रयोगशाळेसह एक वर्ष जीवशास्त्र, एक वर्ष सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जैवरसायनशास्त्र, संख्याशास्त्र, लेखनाचे काही वर्ग, थोडे मानसशास्त्र आणि समाजशास्त्र, अशी ती साधारण यादी आहे. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाची मागणी थोडी वेगळी असू शकते, पण गाभा हाच.

मी काही वर्षे एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर अर्ज वाचण्याचे काम केले आहे. संध्याकाळी बसून एकामागून एक अर्ज उघडायचे, हे काम आजही डोळ्यांसमोर आहे. देशातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांचे अर्ज एकाच सामाईक सेवेमार्फत येतात. ती सेवा प्रत्येकाच्या गुणपत्रिकेवरून दोन सरासऱ्या नव्याने काढते: एक सर्व विषयांची, आणि दुसरी फक्त जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित या चार विषयांची. त्यापुढे एमकॅट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे गुण असतात. ही परीक्षा मधल्या सुट्ट्या धरून जवळजवळ साडेसात तासांची असते, गुण ४७२ ते ५२८ यांच्या दरम्यान मिळतात, आणि २०१५ पासून तिच्या चार भागांपैकी एक पूर्ण भाग मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांवर असतो. मग अनुभवांची यादी, निबंध, शिफारसपत्रे. विद्यापीठाचे नाव दिसते, मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय दिसतो. विद्यापीठातल्या कोणत्या महाविद्यालयाने पदवी दिली हे शोधायला आमच्यापैकी कुणी मुद्दाम पान उलटल्याचे मला आठवत नाही. दर वर्षी सुमारे पन्नास हजारांवर उमेदवार अर्ज करतात आणि सुमारे तेवीस हजारांना जागा मिळते. जागा मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जीवशास्त्राच्या शाखांमधून आलेले असतात हे खरे, परंतु त्याचे कारण एवढेच की अर्ज करणाऱ्यांमध्येही त्यांचीच गर्दी असते. साहित्य किंवा तत्त्वज्ञान शिकून आलेल्यांचे निवडले जाण्याचे प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी नसते.

आता कॉर्नेलमध्येच शिरू. तुमची मुलगी आर्ट्समध्ये गेली, ॲग्रिकल्चरमध्ये गेली किंवा ह्युमन इकॉलॉजीमध्ये गेली, तरी सामान्य रसायनशास्त्राचे व्याख्यान ऐकायला ती बेकर लॅबोरेटरीच्या त्याच मोठ्या सभागृहात बसणार आहे. तिच्या डाव्या हाताला आर्ट्सचा मुलगा असेल आणि उजव्या हाताला ॲग्रिकल्चरची मुलगी. तिघांना तीच प्रश्नपत्रिका, तोच तपासणारा आणि तीच श्रेणी. जीवशास्त्राची व्यवस्था तर याहून एकत्र आहे: ‘बायॉलॉजिकल सायन्सेस’ हा मेजर आर्ट्समध्येही घेता येतो आणि ॲग्रिकल्चरमध्येही, अभ्यासक्रम एक, उपशाखा त्याच, शिकवणारे प्राध्यापक तेच. एकाकडून बी.ए. मिळते आणि दुसऱ्याकडून बी.एस., आणि या दोन अक्षरांना वैद्यकीय महाविद्यालयाच्या लेखी काही वजन नाही.

मग महाविद्यालय म्हणजे नेमके काय? माझ्या मते, प्रीमेडचे विषय वगळल्यावर जे उरते ते महाविद्यालय. पदवीसाठी सुमारे १२० क्रेडिट, म्हणजे विषयांना दिलेले अभ्यासाचे एकक, लागतात. वर दिलेली यादी पूर्ण करायला साधारण ४५ ते ५५ क्रेडिट खर्ची पडतात. राहिलेला निम्म्याहून मोठा भाग कसा भरायचा याचे नियम प्रत्येक महाविद्यालयाचे निराळे आहेत, आणि मुलांच्या आवडीनिवडीची, थकव्याची आणि आनंदाची कारणे बहुधा याच भागात असतात.

आर्ट्स अँड सायन्सेसचे नियम सर्वांत विस्तृत आहेत. मानव्यविद्या, समाजशास्त्रे आणि विज्ञान यांच्या वेगवेगळ्या प्रकारांतून विषय घ्यावे लागतात, आणि त्याशिवाय एक परकीय भाषा मध्यम पातळीपर्यंत शिकावी लागते. ही भाषेची अट पुष्कळ प्रीमेड मुलांना जाच वाटते, कारण नवी भाषा पहिल्यापासून सुरू केली तर दर आठवड्याला चार-पाच दिवस तास, रोजचा गृहपाठ आणि बोलण्याच्या परीक्षा हे सगळे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेबरोबर ओढावे लागते. ज्या मुलीने शाळेत चार वर्षे स्पॅनिश घेतले असेल तिला मात्र ही अट एका सत्रात उरकता येऊ शकते, आणि न्यूयॉर्कमध्ये रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला स्पॅनिश किती उपयोगी पडते हे मी सांगायला नको. आर्ट्सचा एक मोठा गुण असा की मेजर दुसऱ्या वर्षापर्यंत ठरवला तरी चालतो. ज्या मुलाला इतिहास, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र किंवा अर्थशास्त्र मनापासून शिकायचे आहे आणि त्याबरोबर डॉक्टरही व्हायचे आहे, किंवा ज्याला अजून काहीच ठरवता येत नाही, त्याची जागा तिथेच आहे. त्याला मी पैशासाठीसुद्धा दुसरीकडे वळवणार नाही.

ॲग्रिकल्चर अँड लाइफ सायन्सेसमध्ये भाषेची अट नाही. तिथे लेखन आणि व्याख्यान यांवर भर आहे, विज्ञानाचा वाटा मोठा आहे, आणि ठरावीक क्रेडिट त्या महाविद्यालयाच्या स्वतःच्या विषयांमधून घ्यावी लागतात. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती आपोआप मिळत जातात. ह्युमन इकॉलॉजी हे तिघांपैकी सर्वांत लहान महाविद्यालय आहे. तिथल्या ‘ह्युमन बायॉलॉजी, हेल्थ अँड सोसायटी’ या मेजरमध्ये प्रीमेडचे बहुतेक विषय अभ्यासक्रमातच गुंफलेले असतात आणि त्यांच्या भोवती पोषण, कुटुंब, धोरण, लोकसंख्या, मानवी विकास अशा विषयांची रचना असते. पोषणशास्त्राचा विभाग तर ॲग्रिकल्चर आणि ह्युमन इकॉलॉजी या दोन्ही महाविद्यालयांचा मिळून आहे. या दोन्ही ठिकाणी अर्ज करताना मेजर लिहावा लागतो, आर्ट्ससारखे थांबून पाहता येत नाही.

पुण्याच्या फोनबद्दलही थोडे लिहिते, कारण तो शब्द तुम्हाला लागला आहे असे पत्रावरून दिसते. ‘शेतकी कॉलेज’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिवाजीनगरचे शेतकी महाविद्यालय आणि त्याची शेते उभी राहतात, आणि ते महाविद्यालय कमी प्रतीचे आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु कॉर्नेलमधल्या ‘ॲग्रिकल्चर’ या शब्दामागे अमेरिकेचा एक कायदा आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या संस्थांसाठी केंद्राच्या जमिनी मिळाल्या, आणि न्यूयॉर्कच्या वाट्याच्या त्या मदतीवर १८६५ मध्ये कॉर्नेल उभे राहिले. जीवशास्त्राचे, आनुवंशिकीचे, सूक्ष्मजीवांचे संशोधन तिथे पिकांच्या निमित्ताने वाढले. बार्बरा मॅक्लिन्टॉक हिने १९२३ मध्ये याच शेतकी महाविद्यालयातून बी.एस. केले आणि १९२७ मध्ये कॉर्नेलमधूनच डॉक्टरेट मिळवली. मक्याच्या दाण्यांच्या रंगांवरून जनुके गुणसूत्रावर जागा बदलतात हे तिने दाखवून दिले. १९८३ मध्ये तिला त्यासाठी नोबेल मिळाले ते वैद्यकशास्त्राचे, आणि ते तिला एकटीला मिळाले. दिरांना हे एवढेच सांगा.

होम सायन्सचेही तसेच. शेतकऱ्यांच्या बायकांना घर, आहार आणि आरोग्य यांविषयीची पाठपत्रके टपालाने पाठवण्याचे काम मार्था व्हॅन रेन्सेलर यांनी १९०० मध्ये कॉर्नेलमध्ये सुरू केले. त्यातून १९२५ मध्ये राज्याचे गृहशास्त्र महाविद्यालय झाले, आणि १९६९ मध्ये त्याचे नाव ह्युमन इकॉलॉजी असे बदलले. ज्या काळात विज्ञानाच्या इतर विभागांमध्ये बाईला प्राध्यापकाची खुर्ची मिळणे मुश्किल होते, त्या काळात रसायन आणि पोषण शिकलेल्या स्त्रियांना या महाविद्यालयाने जागा दिली. गरीब घरातल्या मुलांसाठी १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘हेड स्टार्ट’ या राष्ट्रीय योजनेच्या जनकांपैकी एक असलेले युरी ब्रॉनफेनब्रेनर इथलेच प्राध्यापक. माणूस आजारी का पडतो याचे अर्धे उत्तर त्याच्या घरात, ताटात आणि पगारात असते, हे त्या महाविद्यालयाला पहिल्यापासून ठाऊक आहे.

आता पैशाचा विषय, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्या घरांमध्ये मुलांच्या शिक्षणाच्या पैशाबद्दल मोकळेपणाने बोलणे टाळले जाते आणि मग निर्णय झाल्यावर आकडे पाहिले जातात. कॉर्नेल खासगी विद्यापीठ असले तरी त्यातली काही महाविद्यालये न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली आहेत आणि त्यांना राज्याकडून पैसे मिळतात. ॲग्रिकल्चर आणि ह्युमन इकॉलॉजी ही दोन्ही त्यांत येतात, आर्ट्स येत नाही. त्यामुळे न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशांना या दोन ठिकाणी शिकवणीची फी आर्ट्सपेक्षा वर्षाला वीस हजार डॉलरहून अधिक कमी पडते, म्हणजे चार वर्षांत ऐंशी हजारांच्या वर. म्हणजे तुमच्या ओळखीतल्यांचे म्हणणे खरे आहे, आणि ते मुलीच्या आवडत्या महाविद्यालयालाही लागू आहे, ही गोष्ट बहुधा तुमच्या घरात अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही.

या आकड्याला एक अपवाद आहे. कॉर्नेल गरजेप्रमाणे आर्थिक मदत देते, आणि तुमचे उत्पन्न व बचत पाहून मोठी मदत मिळणार असेल, तर छापील फीमधला फरक तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत बराच आटतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आपला निव्वळ खर्च काढून देणारे गणकयंत्र आहे. एका रविवारी तुम्ही दोघे कर भरल्याची कागदपत्रे घेऊन बसा आणि तेच आकडे आर्ट्ससाठी एकदा, ह्युमन इकॉलॉजीसाठी एकदा असे भरून पाहा. जो फरक उरेल तोच तुमचा फरक. मदत मिळणार नसेल, तर ऐंशी हजार डॉलर हे एम.डी.च्या तोंडावर फार मोठे पैसे आहेत. अनेक खासगी वैद्यकीय महाविद्यालयांचा चार वर्षांचा खर्च राहण्या-जेवणासह साडेतीन-चार लाख डॉलरच्या घरात जातो, आणि कर्ज काढून डॉक्टर होणाऱ्यांच्या डोक्यावर शिक्षण संपताना साधारण दोन लाख डॉलरचे कर्ज असते. त्यात जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने कर्जाचे नियम आवळले आहेत: १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘ग्रॅड प्लस’ हे खर्चाच्या मर्यादेपर्यंत मिळणारे सरकारी कर्ज बंद, आणि वैद्यकीयसारख्या व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्ज वर्षाला पन्नास हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच. आईवडिलांनी मुलांच्या पदवीसाठी घ्यायच्या सरकारी कर्जावरही प्रत्येक मुलामागे वर्षाला वीस हजार आणि एकूण पासष्ट हजार डॉलरची मर्यादा आली आहे. म्हणजे पदवीच्या काळात वाचलेला प्रत्येक डॉलर पुढे जास्त व्याजाच्या खासगी कर्जापासून वाचवणारा ठरेल. न्यूयॉर्क राज्याच्या स्वतःच्या विद्यापीठाची ब्रुकलिन, स्टोनी ब्रूक, सिराक्यूज आणि बफेलो इथे चार वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि राज्याच्या रहिवाशांना तिथे फी कमी असते, हेही आत्तापासून लक्षात असू द्या. स्टोनी ब्रूक तर तुमच्या लाँग आयलंडवरच आहे.

(हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी एक सूचना. तुमचे मूल तुमच्या व्हिसावर अवलंबून राहून इथे शिकत असेल, तर महाविद्यालयाच्या निवडीआधी त्या प्रश्नाचा विचार करा. एकविसाव्या वर्षी तो अवलंबित दर्जा संपतो, आणि अमेरिकेतली पुष्कळ वैद्यकीय महाविद्यालये नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांचे अर्ज घेतच नाहीत. या पत्रातली मुलगी इथेच जन्मलेली असल्यामुळे तिला हा अडसर नाही.)

मुलीच्या बाबांनाही दोन शब्द. आर्ट्स हेच खरे कॉर्नेल ही त्यांची समजूत मी समजू शकते, कारण आर्ट्सची घड्याळाच्या मनोऱ्यासमोरची हिरवळ हेच विद्यापीठाचे सर्वांत जास्त छापले गेलेले चित्र आहे. पण पदवीवर नाव कॉर्नेल विद्यापीठाचे असते, ग्रंथालये सर्वांची असतात, कोणत्याही महाविद्यालयाची मुले बहुतेक कोणताही विषय घेऊ शकतात आणि संशोधनासाठी कोणत्याही प्रयोगशाळेचे दार ठोठावू शकतात. त्यांना जीवशास्त्रच हवे असेल, तर तोच मेजर ॲग्रिकल्चरमध्ये कमी फीत मिळतो. मग आर्ट्ससाठी वरचे पैसे भरण्याचे कारण फक्त मानव्यविद्यांची ओढ एवढेच उरते, आणि ती ओढ मुलीची आहे असे तुमच्या पत्रातून कुठेही दिसत नाही. दुसरे एक कारण लोक कुजबुजतात, की अमुक महाविद्यालयात प्रवेश सोपा म्हणून तिथे अर्ज करायचा आणि आत गेल्यावर बदलून घ्यायचे. हा मार्ग धरू नका. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाणे शक्य आहे, पण त्यासाठी ठरावीक विषय, गुण आणि दुसऱ्या महाविद्यालयाची संमती लागते, आणि ती मिळेलच असे नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने असा बदल करायला पहिले सबंध वर्ष घालवले. त्या वर्षात त्याने आपल्या महाविद्यालयाचे विषय नीट केले नाहीत, नव्या महाविद्यालयाने मागितलेले विषय मन मारून केले, आणि सेंद्रिय रसायनशास्त्राच्या वर्षाला सामोरा गेला तेव्हा तो आधीच दमलेला होता. बदल मिळाला, पण ते गुण पुढे त्याच्या अर्जात कायमचे राहिले.

आता सर्वांत नाजूक भाग. पहिल्या वर्षी स्वतःला प्रीमेड म्हणवणाऱ्यांपैकी पुष्कळ जण अर्ज करण्याच्या आधीच वाट बदलतात. काहींना गुण थांबवतात, पण काहींना खरोखरच दुसरे काही अधिक आवडू लागते, आणि त्यात अपयश नाही. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाकडे बघताना तुमच्या मुलीला हे विचारा: “समज, तिसऱ्या वर्षी तू ठरवलेस की डॉक्टर व्हायचे नाही, तेव्हा तुझ्या हातात असलेली ही पदवी तुला आवडेल का?” जीवशास्त्राची पदवी हातात असताना प्रयोगशाळेत रमण्याची इच्छा नसेल तर मुले गोंधळतात. आहार आणि सार्वजनिक आरोग्य शिकलेल्या मुलीला मात्र आहारतज्ज्ञ, आरोग्य खाते, संशोधन, शाळांमधली भोजनव्यवस्था असे अनेक रस्ते मोकळे असतात.

तुमच्या मुलीचे कुतूहल किती खोल आहे याचा पुरावा तुमच्या पत्रातच आहे. सडपातळ माणसाला मधुमेह कसा होतो, हा तिला पडलेला प्रश्न पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर धरून ठेवला. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांमध्ये गरोदर स्त्रियांचा आहार आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, स्नायू आणि अवयव या बाळांचे लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. दिसायला बारीक आणि आतून चरबी जपणारे हे शरीर पुढे मधुमेहाकडे झुकते, ही मांडणी आता जगभर अभ्यासली जाते. तिला हे काम वाचायला द्या. आजीचे बोट, पुण्याजवळच्या आयांची ताटे आणि कॉर्नेलच्या गावातला, इथाकामधला पोषणशास्त्राचा विभाग यांमधला धागा ती स्वतःच जोडेल, आणि तिला तो जोडावासा वाटला नाही, तर तेही तुम्हाला कळणे बरे.

मुलाखतीत अशी माणसे चटकन ओळखू येतात. एकदा आमच्यासमोर पोषणशास्त्र शिकलेली एक मुलगी बसली होती. तिने दोन वर्षे एका प्राथमिक शाळेत दुपारच्या सुट्टीनंतर मुलांच्या ताटांत उरलेले अन्न वजन करून लिहून ठेवले होते. कोणत्या वारी भाजी जास्त टाकली जाते, खेळाची सुट्टी जेवणाआधी ठेवली तर काय होते, हे ती सांगू लागली तेव्हा वेळ संपल्याचे आम्हां तिघांपैकी कुणाच्या लक्षात आले नाही. तिचे एमकॅटचे गुण त्या दिवशीच्या यादीत मधले होते. तिची निवड झाली.

म्हणून माझा सल्ला असा. तुमच्या मुलीने ह्युमन इकॉलॉजीला, ह्युमन बायॉलॉजी, हेल्थ अँड सोसायटी या मेजरसाठी अर्ज करावा. प्रयोगशाळेतले शुद्ध जीवशास्त्र अधिक ओढते आहे असे तिला वाटले तर ॲग्रिकल्चरमधले बायॉलॉजिकल सायन्सेस. आणि या दोन्हींपेक्षा वेगळेच काही, म्हणजे इतिहास किंवा भाषा, तिच्या मनात असल्याचे निघाले तर आर्ट्स. ते ठरवण्यासाठी तिन्ही ठिकाणच्या पदवीच्या अटी छापून घ्या. प्रीमेडचा प्रत्येक विषय तिने पेन्सिलीने खोडावा. मग प्रत्येक कागदावर जे विषय उरतील ते तिने मोठ्याने वाचावेत आणि तुम्ही दोघांनी मध्ये न बोलता ऐकावेत. कोणत्या कागदाशी तिचा आवाज बदलतो ते आईला कळायला वेळ लागत नाही. जमल्यास शरद ऋतूत एकदा इथाकाला जाऊन या. न्यूयॉर्क शहरापासून बसने साधारण पाच तास लागतात. नुसती सहल करून परतू नका, सेंद्रिय रसायनशास्त्राच्या एखाद्या तासाला आणि पोषणशास्त्राच्या एखाद्या तासाला तिला बसू द्या, आणि ह्युमन इकॉलॉजीच्या सल्लागाराला विचारा की तिथून मेडिकलला अर्ज करणाऱ्या मुलांना शिफारसपत्रे आणि मार्गदर्शन कोण देते.

कॉर्नेलमध्ये लवकरच्या, बांधील अर्जाची मुदत सहसा १ नोव्हेंबर आणि नेहमीच्या अर्जाची जानेवारीच्या सुरुवातीची असते. बांधील अर्ज म्हणजे प्रवेश मिळाला तर जायचेच, त्यामुळे निव्वळ खर्चाचे गणित त्याआधी झालेले असायला हवे. महाविद्यालयानुसार निबंधाचा प्रश्न वेगळा असतो आणि हेच महाविद्यालय, हाच विषय का, असे त्यात विचारतात. तो निबंध तिचा तिला लिहू द्या. साताऱ्याच्या घरात आजी सकाळी इन्सुलिन घेऊन चहात साखर नाही म्हणून रुसते, असे काही तिने लिहिले, तर ते वाक्य तुम्ही किंवा तिच्या बाबांनी सभ्य करायला जाऊ नका.